उन्नोसाननी लावलेला गंज

उन्नो योशिहारू पहिल्यांदा माझ्या दुकानात आले, तेव्हा तासभर त्यांनी काही म्हणजे काही घेतलं नाही. नुसते काचेच्या कपाटासमोर उभे. मला असली माणसं मुळीच आवडत नाहीत. शिझुओकात पन्नास वर्षं मी हे रणगाडे-विमानांच्या छोट्या मॉडेलचं दुकान चालवतेय. ज्याला घ्यायचंय तो दहा मिनिटांत घेतो, बाकीचे माझ्या हीटरपाशी शेकून जातात. शेवटी मीच विचारलं, "काय हवंय आपल्याला?"

"नको काही. पण तो वरच्या फळीवरचा रणगाडा आहे ना, त्याचा रंग मोसंब्याच्या सालीसारखा उठलाय. फवारा फार लांबून मारलाय कोणीतरी."

तो रणगाडा आमच्या क्लबच्या अध्यक्षांनी रंगवलेला. मी चष्मा लावला, वर भिंग धरलं, आणि काय सांगू, माणूस खरं बोलत होता! इतकी वर्षं ते कपाट मी रोज पुसत होते आणि मला दिसलं नव्हतं. मग मला रागच आला. रणगाड्याच्या सुट्या भागांचा एक खोका उचलून त्यांच्या हातात कोंबला आणि म्हटलं, "एवढं कळतं तर तुम्हीच रंगवून दाखवा." माझं तोंड असंच आहे, लोकांनी सवय करून घेतलीय.

पंधरा दिवसांनी ते रणगाडा घेऊन आले. हिरव्यावर तपकिरी कॅमोफ्लाज, आणि दोन रंग जिथे मिळतात ती कड अशी मऊ, की कुठे हिरवा संपला आणि कुठे तपकिरी सुरू झाला हे बोट ठेवून सांगता येऊ नये. मग कळलं. एक्केचाळीस वर्षं हे गृहस्थ शिमिझूच्या बंदराजवळ एका गॅरेजात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करत होते. नवऱ्याने गाडी कुठे ठोकली ते बायकोला शेवटपर्यंत कळू नये, असं काम. समुद्राच्या वाऱ्याने गाड्यांना गंज धरायचा, तो खरवडायचा, पुट्टी भरायची, घासायचं, रंग मारायचा. निवृत्त झाले आणि हात रिकामे पडले.

लग्न केलं नव्हतं. का, असं मी एकदा सरळ विचारलं. म्हणाले, "तीनदा मुलगी बघायला गेलो. तिन्ही वेळा त्यांच्या अंगणातल्या गाडीचा पोचा बघत बसलो." हे सांगून स्वतःच इतके हसले की हातातला चहा सांडला.

आमचा क्लब महिन्यातून दोन शनिवारी दुपारी दुकानाच्या माडीवर भरतो. अध्यक्ष मोचिझुकी, धंद्याने दातांचे डॉक्टर आणि मनाने चिखलाचे. रणगाडा रंगवणं हे त्यांच्या लेखी अर्धंच काम. खरं काम पुढे. स्पंजच्या तुकड्याने बारीक ठिपके देऊन रंगाचे टवके उडाल्याचं दाखवायचं, तैलरंगाचा थेंब ठेवून तो कोरड्या ब्रशने खाली ओढला की गंजाचा ओघळ, आणि पेस्टल खडू किसून चाकांत भरला की चिखल. दातांच्या हत्यारांनी हे सगळं असं करतात की पाहणाऱ्याने हात धुवावेत. असल्या माणसाला उन्नोसानचे चकचकीत रणगाडे कसे सहन होणार?

"उन्नोसान, हा रणगाडा आहे की वरातीतली गाडी? फुलं लावायची राहिली!"

"डॉक्टर, मला घाण लावायला नाही जमत."

"अहो, लढाईवर गेलाय तो! शोरूममध्ये नाही!"

"जाऊन आला असेल. मग धुतला असेल," असं उन्नोसान म्हणायचे, आणि सगळी माडी हसायची. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू.

अशात एका शनिवारी कात्सुमाता चिझुए दुकानात आली. साठीची बाई, गोतेंबाहून गाडी बदलून आलेली. तिकडच्या एका शाळेत चारशे मुलांचं जेवण शिजवण्यात तिची सगळी नोकरी गेली, त्यामुळे बोलणं मोठ्या आवाजात आणि मोजकं.

"तयार रणगाडा मिळेल का? चौऱ्याहत्तर नंबरच्या जातीचा. दादाचा सत्तरावा वाढदिवस आहे. बावीस वर्षं त्याच रणगाड्यावर होता तो. यंदा ती जातच सैन्यातून काढून टाकली, तेव्हापासून धड बोलत नाही कोणाशी."

"बाई, इथे खोकी मिळतात. जोडायचं, रंगवायचं ते ज्याचं त्याने."

"मी भोपळे चिरले आहेत आयुष्यभर. हे नाही जमायचं मला."

"मी करून देतो," मागून आवाज आला. उन्नोसान. पाठ आमच्याकडे, तोंड कपाटाकडे, आणि कान लालबुंद. मी पन्नास वर्षांत दुकानात खूप लाल कान पाहिलेत, पण ते महागड्या खोक्यांसाठी असतात.

तिच्याकडे फोटो एकच होता. तोही डाव्या बाजूचा. आणि सैन्यात प्रत्येक तुकडी आपले रणगाडे स्वतःच रंगवते, त्यामुळे दोन रणगाड्यांचे डाग सारखे नसतात. उजव्या बाजूचं काय करायचं? चिझुए डोळे मिटून बसली. म्हणाली, एकदा छावणी लोकांना बघायला खुली होती, तेव्हा दादाचा डबा घेऊन ती दिवसभर त्या रणगाड्याच्या उजव्या बाजूच्या सावलीत बसली होती. "मागच्या चाकाच्या वर एक डाग होता. बसलेल्या मांजरासारखा."

उन्नोसाननी कागदावर मांजर काढलं.

"कान जरा खाली. नाही, एवढे नाही. आणि हे फार जेवलंय, बारीक करा."

त्या मांजरावर तीन शनिवार गेले. चिझुए येताना खारवलेल्या पालेभाजीचा डबा आणायची, उन्नोसान एअरब्रशने रंग फवारायचे, ती शेजारी बसून चुका काढायची आणि हे गृहस्थ हसत हसत सुधारायचे. डाग होऊन गेला तरी ती येतच राहिली. घरी भावाला काय सांगून येतेस, म्हणून विचारलं तर म्हणाली, "दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगते. खोटं थोडंच आहे? ते काय तिथे बसलेत." मोचिझुकींनी लगेच उठून नमस्कार केला.

रणगाडा झाला. सुंदर झाला. मोचिझुकींनी तो हातात घेऊन चारही बाजूंनी बघितला आणि पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. हळूच म्हणाले, "उन्नोसान, ह्या माणसाने बावीस वर्षं त्याच्यावर काढली. पाऊस, धूळ, फुजीच्या पायथ्याची ती काळी माती. तुम्ही त्याला कारखान्यातून कालच निघालेली गाडी देणार? त्याची बावीस वर्षं कुठायत ह्यात?"

हे मात्र उन्नोसानना लागलं. मलाही पटलं, मी तसं बोलूनही दाखवलं. पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

स्पंज त्यांनी दोनदा हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. "मालकीणबाई, एक्केचाळीस वर्षं लोक मला हे काढायला बोलवत होते हो," असं म्हणाले. जिवावर आलं होतं अगदी. शेवटी चिझुएने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि पहिला टवका दोघांनी मिळून उडवला. मग काय, एकदा हात बसल्यावर कसबी माणूसच तो! गंज कुठून सुरू होतो, कुठे थांबतो, पत्र्याच्या सांध्यात कसा लपतो, हे त्यांच्याइतकं ह्या शहरात कोणाला ठाऊक? चार आठवड्यांत असा गंजका, चिखलाने माखलेला रणगाडा उभा राहिला की मोचिझुकी खुर्चीतून उठले आणि "मी अध्यक्षपद सोडतो," म्हणाले. अजून सोडलेलं नाही.

त्याच दिवशी उन्नोसान मला बाजूला घेऊन म्हणाले, "मालकीणबाई, वाढदिवसाला तुम्ही याल का बरोबर? रणगाडा दिल्यावर मला... चिझुएसानबद्दल विचारायचंय."

"मध्यस्थ म्हणून?"

मान खाली. मी चिझुएला गाठलं. ती म्हणाली, "माझं हो आहे. पण दादाची बायको गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत त्या घरात. तो तोंड फिरवून बसणार असेल तर मी नाही निघायची. भांडून लग्न करायचं माझं वय नाही आता. दादाने ह्यांच्या हातून साकेचा एक पेला घेतला, की त्याचा होकार." म्हणजे सगळं काय ते त्या एका पेल्यावर आलं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही गोतेंबाला गेलो. मी पहाटे चहावरच निघालेली, कारण चिझुएच्या हातचं लाल घेवड्याच्या भाताचं जेवण मिळणार होतं. चिझुएचे दादा, कात्सुमाता इवाओ, उंबऱ्याशी आले. दणकट माणूस, आणि सत्तरीला घालायची रीत म्हणून चिझुएने त्यांना जांभळी बंडी घातलेली. ती त्यांना इतकी आखूड होती की हसू दाबता दाबता माझ्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी उन्नोसानना आपादमस्तक न्याहाळलं.

"हे दातांचे डॉक्टर का?"

"नाही," उन्नोसान म्हणाले. "मी... रंगारी."

"मग हिच्या दातांना रंग देताय की काय?"

चिझुए स्वयंपाकघरात पळाली. मी घाईघाईने खोका पुढे केला.

झाकण उघडलं आणि इवाओसानचा चेहरा उजळला. हा रणगाडा पुढून खाली वाकू शकतो, खराखुराही. उन्नोसाननी तो तसाच, वाकून नमस्कार करताना बनवला होता. म्हातारा खदखदा हसला. "अरे, वाकतोय! मला वाकतोय!" मग उजवी बाजू वळवली, डाग दिसला, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "हे तुम्हाला कसं माहीत? ह्या बाजूचा फोटोच नाही."

"मी सांगितलं," चिझुए दारातून म्हणाली.

मी मनात म्हटलं, झालं काम, पेला आला. तेवढ्यात त्यांनी चष्मा मागवला.

चष्मा लावून ते बघत राहिले. हत्यारांच्या पेटीखालचा ओघळ बघितला. चाकांतला चिखल बघितला. चेहरा गंजापेक्षा लाल होत गेला.

"हा कोणाचा रणगाडा आहे?"

"तुमचाच," उन्नोसान पुटपुटले.

"माझा नाही! बावीस वर्षांत माझ्या गाडीवर गंजाचा एक ठिपका नव्हता! एक! सरावाहून आलो की आधी गाडी. चाकांतली माती फावड्याने काढायची, ब्रश मारायचा, पाण्याने धुवायची, फडक्याने पुसायची, खरचटलं असेल तिथे रंग लावायचा. तपासणी झाली की मग आम्ही हात धुवायचे. तोवर भाताला कोणी शिवत नसे! आणि तुम्ही माझ्या वाढदिवसाला मला गंज आणून देताय? गंजकी गाडी म्हणजे आळशी माणसं. मी आळशी होतो?"

मोचिझुकी ज्यांत बघून घाण लावतात ती सगळी पुस्तकं परदेशातल्या लढायांची, जिथे गाडी धुवायला पाणी आणि वेळ कोणाला होता? पण ह्या माणसाने लढाई केली नव्हती, गाडी सांभाळली होती. उन्नोसान एवढ्या वेळा म्हणाले होते, धुतला असेल, आणि आम्ही दात काढले होते! त्या क्षणी मला त्या दातांच्या डॉक्टरला गोतेंबाच्या थंडीत उभं करावंसं वाटलं, आणि शेजारी मला स्वतःला.

चिझुएच्या हातात ट्रे होता, त्यावर पेले. ती तशीच मागे वळली.

आणि उन्नोसान? मला वाटलं, आता हा माणूस कपाळ जमिनीला टेकवून माफी मागणार आणि शिमिझूपर्यंत चालत जाणार. त्यांनी कपाळ टेकवलं खरं. पण उठले तेव्हा डोळ्यांत वेगळीच चमक.

"कात्सुमातासान, आपलं बरोबर आहे. लावताना मला स्वतःची लाज वाटत होती. घरात जुना फडका आहे का?"

"कशाला?"

"काढतो. खालचा रंग पक्का आहे, वरचा गंज दुसऱ्या जातीच्या रंगाचा आहे. थिनरने फक्त तोच निघतो."

पिशवीतून थिनरची बाटली, कापसाच्या काड्या, चपटे ब्रश बाहेर आले. मॉडेलवाला प्रवासाला निघाला की डागडुजीचं सामान बरोबर असतंच. मी खिडक्या उघडल्या. उन्नोसाननी काडी बुडवून पहिल्या चाकावर फिरवली, आणि चिखलाखालून स्वच्छ हिरवा रंग वर आला.

इवाओसानना राहवेना.

"अहो, काय करताय! खालून कोणी सुरू करतं का? आधी वरचा बुरूज, मग अंग, शेवटी चाकं! नाहीतर वरची घाण धुतलेल्यावर येते!"

"बरोबर. गाडीचंही छपरापासूनच करतात. चुकलो."

"आणा इकडे एक काडी."

जांभळी बंडी काढून फेकली आणि बसले दोघं डोक्याला डोकं लावून. सुरुवातीला नुसते हुकूम. "डावीकडे. तिथे नाही, खाली. दाबू नका." मग हळूहळू गप्पा. खाऱ्या वाऱ्याचा गंज वाईट की ओल्या मातीचा, ह्यावर तर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि भांडणात दोघंही खूश. चिझुए भाताचं भांडं घेऊन आली तर इवाओसान न बघताच म्हणाले, "गाडी धुऊन व्हायचीय." दोन तास! मी पहाटेपासून उपाशी, भात समोर निवतोय, आणि हात लावायची सोय नाही. माझ्या पोटाचा आवाज त्या खोलीत सगळ्यांनी ऐकला. कोणी लक्ष दिलं नाही.

एका ठिकाणी इवाओसाननी उन्नोसानचं मनगट धरलं. "हे राहू द्या. धुराड्यामागची काजळी आम्हाला कधीच निघाली नाही. ब्रश पोचायचा नाही." मग बोटाने चालकाच्या झाकणाची कड दाखवली. "आणि इथला रंग घालवा. इथे धरून मी आत उतरायचो. रोज. नवा रंग दिला की महिन्यात पुन्हा लोखंड दिसायचं."

उन्नोसाननी पेन्सिलीचं शिसं बोटाला लावून ती कड हळूहळू घासली. तिथे उघड्या लोखंडाची चकाकी आली, तांदळाएवढ्या जागेवर. इवाओसान तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांचा उजवा हात आपोआप मिटला, काहीतरी धरल्यासारखा. मोचिझुकींनी विचारलेली ती बावीस वर्षं तेवढ्याशा जागेत मावली होती.

मग त्यांनी खणातून पांढरा हातमोजा काढला. बोट बुरुजावरून फिरवलं, अंगावरून, चाकांवरून. मोजा उजेडात धरला.

"ठीक," ते म्हणाले. "जेवायला बसा."

उन्नोसान बसले नाहीत. गुडघ्यांवर ताठ झाले. सगळी पाठ केलेली वाक्यं विसरले असावेत, कारण एकदम म्हणाले, "मला चिझुएसानशी लग्न करायचंय."

इवाओसाननी बहिणीकडे बघितलं. "तुझं काय?"

"माझं कधीच हो आहे. तुझं बोल."

म्हातारा सरळ म्हणाला, "गाडी गेली. आता तूही जाणार. मी ह्या घरात एकटा काय करू?"

"कोण नेतंय तिला?" उन्नोसान गोंधळून म्हणाले. "माझी तर गॅरेजवरची एक खोली आहे, त्यात आम्ही दोघं मावणार नाही. मला वाटलं होतं, मीच इथे येईन. तुमच्या मागच्या शेडला उत्तरेचा उजेड आहे. रंगाच्या कामाला त्याहून चांगला उजेड नाही."

"त्या शेडमध्ये माझी अवजारं आहेत."

"अर्धी शेड द्या."

"एक तृतीयांश."

"अहो, फवारा मारायला हात तरी हलायला हवा!"

"मग अर्धी. पण रोज झाडायची. आणि तपासणी मी करणार."

उन्नोसाननी बाटली उचलली. घाईने असे ओतायला लागले की साके ताटात, चटईवर, सगळीकडे. इवाओसाननी दोन्ही हातांनी पेला पुढे धरला आणि जेवढा भरला गेला तेवढा एका घोटात संपवला. चिझुए भावाच्या पाठीत एक धपाटा घालून हसत सुटली, आणि हसता हसता रडायला लागली. इवाओसान डोळे पुसत म्हणाले की थिनर झोंबतंय. मी पन्नास वर्षं थिनरमध्येच काढलीत, मला ते झोंबत नाही. मी सरळ रडले, आणि मग तीन वाट्या गार भात खाल्ला.